एकच भुयार, तीन नियमावल्या: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आवृत्त्या आणि आपली खेळण्याची पद्धत

कोथरूडकर (धागाकर्ता)

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे: एक जण, म्हणजे डंजन मास्टर (डीएम), प्रसंग उभे करतो, बाकीचे आपापले पात्र काय करते ते सांगतात, आणि निकाल नियमांनी व फाशांनी ठरतो. गेल्या दोन वर्षांत मी या खेळावर एक प्रयोग केला आणि त्यातून जे दिसले ते सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढत आहे. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या ग्राफ पेपरवर मी एक भुयार काढले. त्यात सतरा खोल्या, गॉब्लिनांची एक टोळी, एक पुरलेला खजिना आणि एक सापळा होता. हेच भुयार मी तीन वेगवेगळ्या गटांसमोर तीन वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या नियमांनी चालवले. भाच्याच्या कॉलेजातील मुलांसाठी १९८१ची बेसिक नियमावली घेतली, माझ्या जुन्या मित्रांसाठी २००३ची साडेतीन (३.५) आवृत्ती घेतली आणि कार्यालयातील सहकाऱ्यांसाठी २०१४ची पाचवी आवृत्ती घेतली.

सापळ्याची जागा तिन्ही वेळा तीच होती. वीस फूट लांबीचा एक बोळ, त्याच्या दोन्ही भिंतींत कमरेच्या उंचीवर मुठीएवढी भोके, आणि मधल्या एका फरशीवर पाय पडला की त्या भोकांतून सुटणारे बाण, अशी ती रचना होती.

कॉलेजच्या मुलांनी या बोळाच्या तोंडाशी वीस मिनिटे काढली. भोकांतून वारा येतो का, असे एकाने विचारले. मशाल जवळ नेली तर धूर कुठे जातो, असे दुसऱ्याने विचारले. धूर आत ओढला जातो, असे मी सांगितल्यावर भिंतीमागे पोकळी आहे हे त्यांनी ओळखले. मग धान्याचे एक पोते दोराला बांधून, एकाने कडेकडेने पलीकडे जाऊन, ते फरश्यांवरून ओढत नेले. बाण पोत्यात घुसले. या सगळ्यात खेळाडूंपैकी कोणीही फासा टाकला नाही. फासा टाकला तो मी, कारण त्या नियमांत दहा मिनिटांची एक पाळी असते, दर दोन पाळ्यांनी सहा बाजूंचा फासा टाकून भटके राक्षस येतात का ते पाहायचे असते, आणि एक मशाल सहा पाळ्यांत विझते. त्यामुळे प्रत्येक चौकशीला किंमत होती आणि ती किंमत मुलांना समोर दिसत होती.

मित्रांच्या गटात हाच बोळ दोन मिनिटांत संपला. चोराचे पात्र खेळवणाऱ्याने सांगितले, ‘मी शोधतो आणि वीस धरतो.’ घाई नसेल तर फासा न टाकता वीस पडले असे धरण्याची सोय त्या आवृत्तीत आहे. सापळा सापडला, एक फासा टाकून तो निकामी केला, आणि मंडळी पुढे गेली. मात्र पुढच्या खोलीतील चकमकीत, शत्रूला दोन्ही बाजूंनी कसे घेरायचे आणि पाच फुटांचे पाऊल नेमके केव्हा टाकायचे, यावर याच मंडळींनी पाऊण तास मन लावून विचार केला.

कार्यालयातील गटात वेगळेच घडले. एका सहकारी बाईंच्या पात्राची जाणिवेची संख्या, म्हणजे आसपासचे किती लक्षात येते त्याचा आकडा, पुरेशी मोठी होती, त्यामुळे भोके कशाची असावीत हे मी त्यांना न विचारताच सांगितले. त्यांनी आपल्या पात्राची पार्श्वभूमी पाथरवटाच्या घरातील ठेवली होती. त्यांनी तिथेच थांबून, आपल्या वडिलांनी असा बोळ एका सरदारासाठी बांधला होता आणि त्यानंतर ते घरी परतलेच नाहीत, असे सांगितले. सगळे गप्प होऊन ऐकत होते. नंतर एकाला बाण लागले, तासाभराच्या विश्रांतीत त्याची जखम भरली, आणि तोपर्यंत सगळ्यांचे लक्ष त्या वडिलांच्या शोधाकडे लागले होते.

माझे म्हणणे असे आहे की, या फरकाचे मूळ नियमावली कशाचे बक्षीस देते आणि कशाची किंमत घेते यात आहे. १९८१च्या नियमांत योद्ध्याला दुसऱ्या पातळीवर जायला २००० अनुभवगुण लागतात, आणि एका गॉब्लिनला मारून सगळ्यांत मिळून मिळतात ५. म्हणजे एकट्याच्या वाट्याला ४०० गॉब्लिन यावे लागतील. उलट भुयारातून बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे एक गुण मिळतो. असा हिशोब समोर असताना शहाणा खेळाडू लढाई टाळतो, वाटाघाटी करतो, चोरवाट शोधतो. पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या पातळीला ३०० गुण लागतात आणि एका गॉब्लिनचे ५० मिळतात, म्हणजे वाट्याला सहा गॉब्लिन आले की काम झाले. त्या गटाने माझ्या गॉब्लिनांशी बोलण्याचा विचारही केला नाही, याचे मला आधी वाईट वाटले होते, पण त्यांनी नियमांचेच ऐकले होते.

दुसरी गोष्ट पात्र तयार करायला लागणाऱ्या वेळाची आहे. जुन्या नियमांत तीन फासे सहा वेळा टाकायचे, वर्ग (योद्धा, चोर असा पात्राचा प्रकार) निवडायचा, सामान विकत घ्यायचे, आणि दहा-पंधरा मिनिटांत माणूस उभा राहतो. त्याचे जीवनगुण शून्यावर आले की तो मेला. साडेतीनमध्ये एक पात्र घडवायला माझ्या मित्रांनी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. ज्या पात्रात इतकी मेहनत आहे ते पहिल्याच खोलीत मेले तर खेळाडू दुसऱ्या रविवारी येणार नाही, हे कोणत्याही डीएमला न सांगता कळते, आणि मग त्याचा हात आपोआप सैल होतो.

आपले अनुभव काय आहेत, ते कृपया लिहावेत.

बिबवेवाडीकर

धागा आवडला, पण प्रयोगावर माझी एक शंका आहे. तीन गट वेगळे होते. कॉलेजची मुले, जुने मित्र आणि कार्यालयातील सहकारी ही मुळातच वेगळ्या स्वभावाची माणसे. मग फरक नियमांमुळे पडला की माणसांमुळे, हे कसे ठरवणार?

दुसरे म्हणजे, तुमच्या यादीत २००८ची चौथी आवृत्ती नाही. ती नेहमीच वगळली जाते, आणि मला त्याबद्दल मनापासून खेद वाटतो. आम्ही ती सलग तीन वर्षे खेळलो. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मोठ्या कार्डशीटवर पेन्सिलने एकेक इंचाचे चौकोन आखायचे, कॅरमच्या काळ्या सोंगट्या म्हणजे साधे शत्रू, पांढऱ्या म्हणजे तगडे, आणि राणी म्हणजे त्यांचा म्होरक्या. साधे शत्रू एका घावात पडत, कारण त्यांना एकच जीवनगुण असे, त्यामुळे वीस सोंगट्यांची फौज अंगावर आली तरी खेळ अडकत नसे.

‘ही आवृत्ती म्हणजे संगणकावरचा खेळ’ असे म्हणणाऱ्यांनी तिच्यातील सांघिक खेळ पाहिलेला नसतो. प्रत्येक वर्गाला एक भूमिका दिलेली होती: कोणी शत्रूला अडवून धरायचे, कोणी घाव घालायचा, कोणी साथीदारांना सावरायचे, कोणी मैदान ताब्यात ठेवायचे. योद्ध्याने ज्या शत्रूवर खूण केली, त्याने दुसऱ्या कोणावर हल्ला केला तर त्याला दोनची वजाबाकी लागायची आणि योद्ध्याला त्याच्यावर वार करण्याची संधीही मिळायची. आमच्या गटातील एक अतिशय अबोल मुलगा वॉरलॉर्ड खेळत असे. हा वर्ग जादू न करता, नुसत्या हुकमाने साथीदाराला पुन्हा उभे करतो किंवा त्याच्याकडून जास्तीचा वार करवून घेतो. एरवी चहाला काय हवे हेही न सांगणारा तो मुलगा टेबलावर उभा राहून ‘डावीकडे सरक, आता मार’ असे ओरडत असे. त्याला ही जागा नियमांनी दिली होती. जुन्या पद्धतीत, जिथे जो चांगला बोलतो आणि ज्याला चटकन सुचते त्याचेच चालते, तिथे तो मुलगा कोपऱ्यात बसून राहिला असता.

या आवृत्तीत उणिवाही होत्या. सुरुवातीच्या राक्षसांना जीवनगुण फार असत आणि त्यांचे घाव मऊ असत, त्यामुळे शेवटचा अर्धा तास निकाल ठरलेला असूनही लढाई चालू राहायची. २०१०च्या तिसऱ्या राक्षसग्रंथात हे गणित सुधारले. पण तोपर्यंत बरीच मंडळी पाथफाइंडर या प्रतिस्पर्धी खेळाकडे गेली होती, जो २००९मध्ये साडेतीनच्याच खुल्या परवान्यावर उभा राहिला होता. भुयाराचा शोध घेणे मात्र त्या आवृत्तीत खरोखरच पातळ होते. आम्ही एका मैदानावरून उठून दुसऱ्या मैदानावर जात होतो, हे मान्य करतो.

औंधवासी

कोथरूडकर, तुम्ही १९८१च्या नियमांना ‘जुनी पद्धत’ म्हटले आहे, त्यात थोडी भर घालते, कारण जुनी पद्धत एकसंध कधीच नव्हती.

१९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी जी पेटी काढली, तिच्यात तीन लहान पुस्तिका होत्या आणि त्या वाचणाऱ्याला चेनमेल हा युद्धखेळ माहीत असेल असे गृहीत धरले होते. योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक हे तीनच वर्ग तिच्यात होते. चोर १९७५च्या पुरवणीत आला. मला ही एक महत्त्वाची घटना वाटते, कारण चोर येण्यापूर्वी सापळा शोधणे, भिंतीला कान लावणे, दबक्या पावलांनी जाणे ही सगळ्यांचीच कामे होती. एका वर्गाला त्यासाठी टक्केवारी मिळाल्यावर बाकीच्यांनी हळूहळू विचारणे सोडले. तुमच्या मित्राने ‘वीस धरतो’ म्हटले, त्या वाक्याची सुरुवात तिथे आहे.

गोष्ट सांगण्याकडे कल पाचव्या आवृत्तीत आला असेही नाही. १९८३मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांची रेव्हनलॉफ्ट ही मोहीम आली. तिच्यातील खलनायकाला स्वतःचा भूतकाळ आणि स्वतःचे दुःख आहे, आणि त्याचा हेतू काय असेल हे खेळाच्या सुरुवातीला पत्ते काढून ठरते. १९८४पासून ड्रॅगनलान्सच्या मोहिमा सुरू झाल्या, आणि त्यांच्यासोबत आधीच घडवलेली, नावागावाची पात्रे येत. ज्या पात्राला पुढच्या भागात महत्त्वाचे काम आहे, त्याला वाटेतल्या खड्ड्यात मरू देणे अवघड असते. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीने सोन्याचे अनुभवगुण पर्यायी करून टाकले. म्हणजे तुम्ही जो हिशोब मांडलात, तो तेव्हाच मोडला होता. त्या आवृत्तीचे मुख्य नियम मात्र जवळपास जुनेच राहिले. बक्षीस काढून घेतले पण धोका तसाच ठेवला, आणि डीएमने पडद्याआड फासे बदलून पात्रांना वाचवण्याची सवय मी त्या काळापासून खेळणाऱ्या अनेकांत पाहिली आहे. ती सवय मला अजिबात पटत नाही. फासा टाकला तर तो मानावा, आणि मानायचा नसेल तर टाकू नये.

आता आपल्या भाषेविषयी थोडेसे. आम्ही संपूर्ण खेळ मराठीतून खेळतो. मराठीत तू, तुम्ही आणि आपण असल्यामुळे एक गोष्ट आपोआप घडते: गॉब्लिनांच्या सरदाराशी बोलताना खेळाडूला संबोधन निवडावेच लागते. आमच्या धर्मोपदेशकाने त्याला ‘सरदार, आपण या वाटेचे धनी आहात’ असे म्हटले, आणि चोराने ‘ए, तुझी माणसं बाजूला घे’ असे म्हटले. मी १९८१च्या नियमांनी खेळवत होते. त्यात अनोळखी प्राणी भेटला की दोन फासे टाकून त्याची वृत्ती ठरवायची असते: दोन पडले तर तो तत्काळ हल्ला करतो आणि बारा पडले तर मैत्रीने पुढे येतो. मी त्या ‘आपण’साठी एक गुण वाढवून दिला आणि त्या ‘ए’साठी एक कमी केला. पाचव्या आवृत्तीत मला मन वळवण्याच्या कौशल्याचा फासा मागावा लागला असता, आणि अनुभव असा आहे की फासा मागितला जाणार हे माहीत असले की खेळाडू वाक्य बोलतच नाहीत, ‘मी त्याला पटवतो’ एवढेच म्हणतात.

सदाशिवपेठी

वरच्या सगळ्या प्रतिसादांत तिसऱ्या आवृत्तीची बाजू कोणी घेतलेली नाही, म्हणून लिहितो.

मी तरुणपणी एका डीएमकडे जुन्या नियमांनी खेळलो. ते गृहस्थ हुशार होते, पण त्यांचा निवाडा त्यांच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर अवलंबून असे. एका रविवारी दोरावरून नदी ओलांडणे सोपे असे, दुसऱ्या रविवारी तेच करताना माणूस बुडत असे. विचारले तर ‘मी सांगतो तेच खरे’ असे उत्तर मिळे. २०००मध्ये जोनाथन ट्वीट, मॉन्टी कुक आणि स्किप विल्यम्स यांची तिसरी आवृत्ती आली आणि आमच्या हातात काहीतरी आले. वीस बाजूंचा एकच फासा, त्यात आपली बेरीज, आणि समोर काठिण्याचा एक आकडा. दोर ओला असेल तर आकडा किती वाढतो हे पुस्तकात लिहिलेले होते आणि ते मला उडी मारण्याआधी ठाऊक असे. नियम हे खेळाडूचे संरक्षण असते, ही गोष्ट ज्यांना नेहमी चांगले डीएम मिळाले त्यांच्या लक्षात येत नाही.

पात्र घडवण्यात वेळ जातो हे खरे आहे, पण तो वेळ वाया गेला असे मला कधी वाटले नाही. आठवडाभर बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत मी पुढच्या पातळीला कोणती सिद्धी (पात्राची खास क्षमता) घ्यावी याचा विचार करत असे. तोही खेळच होता, फक्त एकट्याने खेळलेला. त्रास झाला तो डीएमला. शत्रूही आमच्यासारख्याच नियमांनी घडवायचे असल्यामुळे दहाव्या-बाराव्या पातळीनंतर एका लढाईच्या तयारीला त्याची पूर्ण शनिवारची रात्र जाऊ लागली, आणि आमच्या दोन मोहिमा तिथेच थांबल्या.

वारजेकर

मी या खेळात नवीन आहे. पाचव्या आवृत्तीची फुकट मिळणारी मूळ नियमावली वाचली आहे, आणि २०२४ची सुधारित पुस्तके मित्राकडे पाहिली आहेत. एकही सत्र खेळलेलो नाही. हा धागा वाचून प्रश्न पडला की, सुरुवात कुठून करावी?

कोथरूडकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. सर्वांना एकत्रच उत्तर देतो.

बिबवेवाडीकर, तुमची शंका रास्त आहे आणि ती माझ्याही मनात होती. म्हणून मागच्या पावसाळ्यात मी साडेतीनच्याच मित्रांना, म्हणजे ‘वीस धरतो’ म्हणणाऱ्यांना, वेगळ्या भुयारात १९८१च्या नियमांनी खेळवले. पहिल्या रविवारी त्यांनी नेहमीप्रमाणे पहिल्याच खोलीत तलवारी उपसल्या आणि चौघांपैकी तिघे मेले. दुसऱ्या रविवारी तीच माणसे दाराबाहेर थांबून आतले आवाज ऐकू लागली. त्यांच्यातील एक जण मी सांगेन त्या मापांनी नकाशा काढत होता, आणि दोन खोल्यांच्या मध्ये तीस फुटांची जागा कोरी राहते हे त्याच्या लक्षात आले. त्याने ग्राफ पेपर माझ्यापुढे धरून त्या कोऱ्या चौकोनांवर बोट ठेवले आणि विचारले, ‘इथे काय आहे?’ तिथे खजिना होता. माणसे तीच होती, फक्त ती पाहत होती ती जागा बदलली. तुमच्या अबोल मुलाबद्दलचे म्हणणे मात्र मला खोडता येत नाही. माझ्याही टेबलावर दोघे जण नुसते ऐकत बसतात, आणि त्यांच्यासाठी जुन्या नियमांत मला काही सापडलेले नाही.

औंधवासी, चोराच्या वर्गाबद्दल तुम्ही लिहिलेत ते वाचून मी त्या रात्री माझे सापळे पुन्हा तपासले. यापुढे खेळाडूने कसे शोधतो हे सांगितले आणि ते योग्य असले, तर फासा न टाकताच सापळा सापडेल, आणि काही सुचत नसेल तरच टक्केवारी वापरायची, असे ठरवले आहे.

सदाशिवपेठी, तुमचे डीएम वाईट होते म्हणून निवाड्याची पद्धत वाईट ठरते हे मला पटत नाही. पण ‘उडी मारण्याआधी ठाऊक असे’ हे तुमचे शब्द मी वहीत लिहून ठेवले आहेत. आता मी धोका किती आहे ते आधी मोठ्याने सांगतो आणि मगच ‘करायचे का?’ असे विचारतो. खेळाडूने नाही म्हटले तर ते ग्राह्य धरतो.

वारजेकर, पाचव्या आवृत्तीपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. पात्राचे जीवनगुण शून्यावर आले तरी फाशांवर आधी तीन यश पडतात की तीन अपयश हे पाहायला वेळ मिळतो, त्यामुळे नवा माणूस घाबरत नाही, आणि सोबत खेळणारेही सहज मिळतात. पण या रविवारी आमच्याकडे १९८१ चालू आहे आणि एक जागा रिकामी आहे. पेन्सिल आणि खोडरबर आणा, फासे आमच्याकडे आहेत.

कोथरूडकर (धागाकर्ता)

वारजेकर रविवारी आले होते, त्यांच्या परवानगीने लिहितो. त्यांचा जादूगार तीन जीवनगुणांचा होता आणि चाळीस मिनिटे जगला. तिसऱ्या खोलीत छतावरून कोळी अंगावर पडला, आणि विषातून वाचण्याच्या फाशावर सहाच पडले. त्यांनी पात्राचा कागद उलटा केला, त्याच्या मागच्या बाजूला तीन फासे सहा वेळा टाकून एक बुटका (ड्वार्फ) लिहिला, आणि पंधरा मिनिटांत तो बुटका गॉब्लिनांचा सुटलेला कैदी म्हणून बाकीच्यांना येऊन मिळाला. पुढच्या खोलीचे दार उघडल्यावर कोणी काही बोलण्याआधी त्यांनी विचारले, ‘छत किती उंच आहे?’